रिपोर्टवरचा लाल आकडा आणि जूनपासूनची सर्दी

पत्र थोडक्यात असं आहे: "आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीला राहतो. मोठी मुलगी साडेचार वर्षांची. जूनमध्ये ज्युनियर केजीत घातल्यापासून पाच वेळा सर्दी-खोकला झाला, दोनदा जुलाब. वजन वाढतंय, खेळते, पण नाक काही कोरडं राहत नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक द्यायला नकार दिला, वाट बघा म्हणाले. जाऊबाईंच्या सांगण्यावरून एका लॅबचं 'इम्युनिटी पॅकेज' केलं. त्यात आयजीए ५८ आलंय, पुढे लाल अक्षरात 'लो', रेंज ७० ते ४००. तेव्हापासून झोप नाही. इम्युनिटी वाढवणाऱ्या गमीज आणि प्रोबायोटिक ड्रिंक सुरू केलंय. धाकटा दोन महिन्यांचा, अंगावर पितो. मला सर्दी झाली तर त्याला पाजावं का? सासूबाई दोघांच्या नाकात तेल घालायला सांगतात. धाकट्याला दीड महिन्याला पोलिओचे थेंबही दिले आणि इंजेक्शनही, एकाच रोगाला दोन कशाला? आणि मूळ शंका अशी, की आतड्यात अब्जावधी जंतू असतात म्हणे, त्यांना शरीर काही करत नाही, आणि नाकातल्या एवढ्याशा जंतूने ताप येतो. मुलीच्या शरीराला जंतू नीट ओळखताच येत नाहीत का?"

ताई, आधी तो लाल आकडा, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. ७० ते ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मोठ्या माणसाची रेंज आहे. तुमच्या रिपोर्टवर वय न बघता तीच छापली गेली आणि त्याखालचा आकडा म्हणून तो लाल झाला. आयजीए हे एक प्रतिपिंड, म्हणजे जंतूंना चिकटणारं संरक्षक प्रथिन; आयजीजी आणि आयजीएम ही त्याची भावंडं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आयजीए जवळजवळ नसतंच. आईचं आयजीजी वारेतून बाळाकडे जातं, आयजीए जात नाही. पुढे ते वर्षावर्षाने चढतं आणि मोठ्यांच्या पातळीला पोचायला वयात येण्याचा काळ उजाडतो. साडेचार वर्षांच्या मुलीला ५८ हा नेहमीचा आकडा आहे. आयजीएची खरी कमतरता म्हणायची तर वय ४ च्या पुढे हवं, आकडा ७ च्या खाली हवा, आयजीजी आणि आयजीएम मात्र व्यवस्थित हवेत. आणि अशी कमतरता असलेल्या बहुतेकांनाही फारसा त्रास होत नाही, कारण नाक-आतड्याच्या आतल्या अस्तरावरची रिकामी जागा आयजीएम बऱ्यापैकी भरून काढतं.

दुसरी गोष्ट, ही तपासणी रक्ताची आहे. रक्तातलं आयजीए मुख्यतः हाडांच्या मज्जेत तयार होतं. नाकात आणि आतड्यात पाझरतं ते आयजीए तिथल्या अस्तराखालीच, तिथल्याच पेशी बनवतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रोज काही ग्रॅम पाझरतं. बाकीची सगळी प्रतिपिंडं एकत्र केली तरी त्याच्याइतकी भरत नाहीत. रक्ताच्या नळीत बघून नाकातल्या बंदोबस्ताचा अंदाज लावता येत नाही. रिपोर्ट फाइलला लावा, पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा, पण तपासणी पुन्हा करायला जाऊ नका. (एकूण आयजीए मोजणं एका ठिकाणी खरोखर उपयोगी पडतं: गव्हाच्या सीलिॲक आजाराची तपासणी करताना. ती तपासणीच आयजीएवर चालते, त्यामुळे आयजीए कमी असेल तर आजार असूनही ती नॉर्मल येऊ शकते.)

आता तुमची मूळ शंका. ती फार नेमकी आहे, आणि तिचं उत्तर कळलं की गमीजचा प्रश्न आपोआप सुटेल.

नाक, घसा, श्वासनलिका, आतडी, लघवीचा मार्ग यांच्या आतल्या ओल्या पडद्याला श्लेष्मल अस्तर म्हणतात. पोटापासून मोठ्या आतड्यापर्यंतचं मोठ्या माणसाचं अस्तर उलगडून पसरलं तर साधारण ३० चौरस मीटर होतं. सव्वातीनशे चौरस फूट, म्हणजे ठाण्यातला लहानसा वन बीएचके. आतड्यात या एवढ्या पसाऱ्यात बाहेरच्या जगाच्या आणि रक्ताच्या मध्ये पेशींचा एकच थर असतो, आणि तोही दर ३ ते ५ दिवसांनी नवा होतो. जंतू ओळखणारे रेणू याच पेशींवर आणि त्यांच्या खाली दबा धरलेल्या संरक्षक पेशींवर असतात.

त्यातलं सर्वांत अभ्यासलेलं घराणं म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर, थोडक्यात टीएलआर. 'टोल' हे जनुक आधी फळमाशीत सापडलं. ते बिघडलं की माशी बुरशीने मरते, हे १९९६ साली ज्यूल्स हॉफमन यांच्या स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेने दाखवलं. १९९७ साली चार्ल्स जेनवे आणि रुस्लान मेझितोव्ह यांनी त्याचा माणसातला भाऊबंद शोधला. १९९८ साली ब्रूस बॉइटलर यांनी टीएलआर-४ नेमकं काय पकडतो ते दाखवलं. हॉफमन आणि बॉइटलर यांना २०११ सालचं नोबेल मिळालं, राल्फ स्टाइनमन यांच्याबरोबर.

माणसात हे १० प्रकारचे आहेत. घोड्याच्या नालासारखा वाकलेला भाग जंतूचा तुकडा पकडतो, आणि पडद्याच्या आत लोंबणारं टोक खबर पुढे देतं. टीएलआर-४ काही जिवाणूंच्या बाहेरच्या कवचातला लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो. टीएलआर-५ ओळखतो फ्लॅजेलिन, म्हणजे जिवाणूची पोहायची शेपटी ज्या प्रथिनाची बनते ते. टीएलआर-३, ७ आणि ८ पेशीच्या आतल्या पिशव्यांत बसून व्हायरसचा आरएनए शोधतात. पेशीरसात एनओडी-२ नावाचा रेणू फिरतो, तो जिवाणूच्या भिंतीचे तुकडे ओळखतो. हे कुठल्या एका जंतूचं नाव ओळखत नाहीत. जो भाग टाकून जंतूला जगताच येत नाही, तोच भाग ते पकडतात, त्यामुळे वेष बदलून त्यांना चकवणं अवघड.

पण इथेच तुमची शंका उभी राहते. टायफॉइडच्या जिवाणूला शेपटी आहे आणि आतड्यात सुखाने राहणाऱ्या कित्येक जिवाणूंनाही आहे. टीएलआर-५ला चोर आणि शेजारी सारखेच दिसतात. मग आतड्यात रोज आग का लागत नाही?

कारण ओळखणारा रेणू कुठे बसवला आहे, त्यावर सगळं ठरतं. आतड्याची एक पेशी डोळ्यासमोर आणा. साधारण २० मायक्रोमीटर उंच, वरच्या टोकाला दाट ब्रशसारखे केस, दोन्ही बाजूंना शेजारणींशी घट्ट शिवण, आणि खालची बाजू शरीराच्या आत. वर जिवाणूंची गर्दी आहे, पण टीएलआर-५ मुख्यतः खालच्या बाजूला लावलेला असतो. शेपटीचं प्रथिन वरून कितीही घासलं तरी घंटा वाजत नाही. शिवण उसवून किंवा पेशी भेदून कुणी खाली उतरलं, की लगेच वाजते. ठाणे स्टेशनच्या फलाटावर संध्याकाळी सातला मुंगीला वाट नसते, म्हणून कुणी गाड्या थांबवत नाही. रुळावर एक माणूस दिसला की मोटरमन ब्रेक मारतो. तसंच हे.

शिवाय गर्दी मुळात पेशीपर्यंत पोचूच दिली जात नाही. गॉब्लेट पेशी एमयूसी-२ नावाचं प्रथिन ओततात, ते पाणी पिऊन फुगतं आणि त्याचा बुळबुळीत थर होतो. मोठ्या आतड्यात या थराचे दोन पदर आहेत: वरच्या सैल पदरात जंतू राहतात, आतला घट्ट पदर जवळजवळ जंतुविरहित असतो. लहान आतड्याच्या खळग्यांच्या तळाशी पॅनेथ पेशी डिफेन्सिन नावाची जंतुनाशकं सोडतात. अस्तरावरचं एक एन्झाइम, अल्कलाइन फॉस्फटेज, जिवाणूच्या कवचाचे फॉस्फेट काढून त्याची धार बोथट करतं. आणि कवचाकवचात फरक आहे. ई. कोलाय या जिवाणूच्या कवचाच्या मुळाशी चरबीच्या सहा साखळ्या असतात, त्या टीएलआर-४मध्ये चपखल बसतात. आतड्यात भरपूर असणाऱ्या बॅक्टेरॉइडीसच्या कवचात त्या चार-पाचच असतात, आणि टीएलआर-४ जेमतेम दखल घेतो. त्यातून खबर गेलीच, तर पेशीच्या आतही ए-२०सारखे ब्रेक आहेत, जे ती थोड्या वेळात विझवतात.

म्हणजे तुमच्या मुलीच्या शरीराला जंतू ओळखता येतात, आणि ओळखून गप्प बसणंही येतं. हे गप्प बसणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. रोजची ती दबकी ओळख अस्तराला जिवंत ठेवते. २००४ साली उंदरांवर दाखवलं गेलं, की टीएलआरची खबर पुढे नेणारा एमवायडी-८८ हा दुवा काढून टाकला तर आतड्याला इजा झाल्यावर अस्तर सावरत नाही आणि जनावर जास्त दगावतं. माणसात एनओडी-२ जनुकातले काही दोष क्रोन्स या आतड्याच्या आजाराशी जोडलेले आहेत, हे २००१ साली युरोपीय वंशाच्या रुग्णांत सापडलं. आपल्याकडच्या रुग्णांत नेमके तेच दोष क्वचित दिसतात. विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की हे ओळख अधू करणारे दोष आहेत. ओळख कमी झाली आणि दाह वाढला. म्हणून 'इम्युनिटी वाढवा' हे वाक्य आम्हाला चुकीच्या दिशेचं वाटतं. अस्तरावरच्या यंत्रणेचं कसब कमी-जास्त करण्यात नाही, वेळ आणि जागा ओळखण्यात आहे.

नाकाचं गणित थोडं वेगळं. सर्दीचे व्हायरस अस्तराच्या पेशीत घुसूनच वाढतात, फलाटावर उभे राहत नाहीत. आत शिरले की टीएलआर-३, ७ आणि पेशीरसातला रिग-१ त्यांचा आरएनए पकडतात. पेशी इंटरफेरॉन नावाचा इशारा सोडते आणि शेजारच्या पेशी कडीकुलूप लावून घेतात. दुसरे संदेश जातात ते पांढऱ्या पेशींना बोलवायला आणि मेंदूला तापमान चढवायला सांगायला. ताप, नाक गळणं, घसा दुखणं यातलं बरंचसं या खबरीचं काम आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो तोही त्यामुळेच. न्यूट्रोफिल नावाच्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज हे हिरवट एन्झाइम असतं, तिथे त्या पेशी जमल्या की रंग येतो. हिरवा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. तुमच्या डॉक्टरांनी नकार दिला ते योग्य केलं. सर्दीच्या व्हायरसवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, आणि आतड्यातले शेजारी त्याने नाहक मरतात. त्यानंतरचे जुलाब अनेक घरांनी पाहिले असतील.

पाच महिन्यांत पाच सर्द्या जास्त नाहीत का? नाहीत. या वयात वर्षाला ६ ते ८ सर्द्या नेहमीच्या, आणि नुकतीच शाळा सुरू झालेल्या मुलांत १०-१२ सुद्धा होतात. सर्दीच्या नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच १६०च्या वर प्रकार आहेत. टीएलआर जन्मापासून तयार असतात, पण प्रत्येक प्रकाराची नेमकी आठवण प्रत्येक प्रकार भेटल्यावरच तयार होते. एक सर्दी ७ ते १० दिवस आणि मागे राहिलेला खोकला २-३ आठवडे, असा हिशेब मांडला तर पावसाळ्यात नाक कोरडं दिसायचं कधी? वर्गात २५ मुलं, खिडक्या बंद, त्यामुळे सगळं एकदमच येतं. गंभीर काही असेल तर चित्र निराळं दिसतं: वर्षात दोनदा न्यूमोनिया, वर्षात चार वेळा कान फुटणं, वजन अडकणं, वर्षाच्या पुढच्या मुलाच्या तोंडात न हटणारी पांढरी बुरशी, परत परत खोलवर गळवं, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नसणं, किंवा जवळच्या नात्यात जन्मजात प्रतिकारदोष. यातलं तुमच्या पत्रात काहीच नाही, उलट वजन वाढतंय. मात्र ती रोज तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, झोपेत दचकून श्वास अडकत असेल, तर ॲडेनॉइड दाखवून घ्या. नाकाच्या मागची ती गाठ याच ओळखण्याच्या कामासाठी ३ ते ७ या वयात सर्वांत मोठी असते आणि पुढे आपसूक आक्रसते.

नाकासाठी करण्यासारखं ते एवढंच. औषधाच्या दुकानात मिळणारे साधे सलाइनचे थेंब, प्रत्येक नाकपुडीत २-३, जेवणाआधी आणि झोपताना. धाकट्याला पाजण्याआधी १-२ थेंब. नाकाच्या अस्तरावर केसासारख्या सिलिया सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि चिकट थराला १० ते २० मिनिटांत घशाकडे ढकलतात. थर सुकला तर त्या रुततात, सलाइनने तो पातळ होतो. तेलाने हे होत नाही. सासूबाईंना आदराने पण ठामपणे सांगा, की नाकात तेल नको. ते घसरून फुप्फुसात उतरतं आणि तिथे त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो. हवं तर छातीला, पायांना लावू दे. वाफाराही लहान मुलांना नको, उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका मोठा आहे. खोकल्याला मोठीला झोपताना अर्धा-एक चमचा मध चालेल, धाकट्याला वर्षाचा होईपर्यंत मध चाटवायचा नाही, घुटीतूनसुद्धा नाही.

आणि एक विनंती. घरात डासांची कॉइल लावत असाल तर ती आजपासून बंद करा. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या तोडीचे मोजले गेले आहेत. धुराने सिलिया मंदावतात. मच्छरदाणी लावा. घोडबंदरला मेट्रोचं काम आणि बांधकामांची धूळ आधीच पुरेशी आहे. केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने लादी पुसलेली बरी.

आयजीए बनतं कसं ते आता सांगतो, कारण तुमच्या घरात ते रोज घडतंय. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अस्तरावर ठिकठिकाणी उंचवटे असतात, योहान कोनराड पायर यांनी १६७७ साली वर्णन केलेले पायर्स पॅचेस. त्यांच्यावरच्या एम पेशी आतड्यातल्या जंतूंचे नमुने मुद्दाम आत ओढून घेतात. खाली डेंड्रिटिक पेशी त्यांची तपासणी करतात, आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना शिकवण मिळते की यांच्यावर आयजीए बनव. शिकलेल्या पेशी रक्तातून फिरून परत अस्तराखाली येऊन बसतात. त्यांनी बनवलेले दोन-दोन आयजीए एका जे-साखळीने जोडलेले असतात. अस्तराच्या पेशीच्या तळाशी पीआयजीआर नावाचा रेणू ही जोडी उचलतो, पेशीतून वर नेतो आणि स्वतःचा एक तुकडा तिला चिलखतासारखा गुंडाळून बाहेर सोडतो, म्हणून पाचकरसात ती टिकते. बाहेर ती जंतूंना चिकटून त्यांचे गठ्ठे करते आणि त्यांना चिकट थरातच अडकवते. आग न लावता केलेलं काम.

परत घरी येण्याचा पत्ता या पेशींवर छापायला व्हिटॅमिन ए लागतं. म्हणून ज्या मुलांत त्याची खरी कमतरता असते त्यांचं अस्तर कमकुवत असतं. त्यासाठीच सरकारी डोस आहेत: ९ महिन्यांना १ लाख युनिट, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. मोठीचं कार्ड बघा, राहिला असेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात घ्या. पण गमीजच्या डब्याच्या मागचं लेबलही वाचा. त्यात व्हिटॅमिन ए असेल तर हे रोजचं त्यावर साचत जातं. जास्तीचं लघवीवाटे जात नाही, यकृतात साठतं. झिंक महिनोन्‌महिने जास्त गेलं तर तांबं शोषलं जात नाही. आणि गमी दाताला चिकटते. बंद करा. त्याऐवजी अंडं, गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई, शेवग्याच्या पाल्याची भाजी, थोड्या तेला-तुपासह, कारण हे व्हिटॅमिन चरबीतच विरघळतं. रोज एखादी उसळ आणि भाकरी असावी. तंतू मोठ्या आतड्यातल्या जंतूंपर्यंत पोचतात, त्यांपासून ते ब्युटिरेट बनवतात, आणि तेच तिथल्या पेशींचं मुख्य अन्न आहे. दाह आवरणाऱ्या पेशीही त्यानेच पोसल्या जातात.

प्रोबायोटिक ड्रिंकने नुकसान नाही, पण रोज देण्यासारखं कारणही नाही. बाटलीतले जंतू सहसा आतड्यात बस्तान बसवत नाहीत, बंद केलं की थोड्या दिवसांत निघून जातात. काही ठरावीक जातींचा ठरावीक आजारात उपयोग आहे, ते डॉक्टर सांगतील तेव्हा. घरचं दही-भात खाते ना, पुरे.

जुलाबाच्या वेळी मात्र ढिलाई नको. ओआरएसचं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं, ते अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट अंदाजे ग्लासभर पाण्यात, ही चूक घरोघरी होते आणि त्याने मीठ जास्त होतं. आतड्याच्या पेशीवर एक दार असं आहे की ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आले तरच उघडतं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाबातही ते दार शाबूत असतं. साखर फार झाली तर उलट पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून टेट्रापॅकमधलं गोड पेय किंवा सरबत ओआरएसच्या जागी चालत नाही. मोठीला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली, घोटाघोटाने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्याने. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. सोबत झिंक २० मिलिग्रॅम रोज एकदा, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. तुटलेलं अस्तर भरून यायला त्याची मदत होते. रक्त पडलं, आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले किंवा मूल ग्लानीत गेलं तर थेट दवाखाना.

तुमच्या भागात टँकरचं पाणी येतं, तेव्हा सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींना विचारा. प्यायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. शाळेतून आल्यावर साबणाने २० सेकंद हात. सॅनिटायझर जुलाबाच्या नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही.

आता धाकटा. सर्दी झाली तरी पाजा, नक्की पाजा. तुमच्या नाकातल्या, आतड्यातल्या अस्तराने जो जंतू ओळखला, त्याच्यावर शिकलेल्या पेशींपैकी काही स्तनात जाऊन बसतात आणि दुधात त्याच जंतूविरुद्धचं आयजीए उतरतं. मोठीच्या वर्गातून तुमच्या घरात आलेला जंतू, आणि त्याच्यावरचं प्रतिपिंड बाळाच्या तोंडात. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळ्या चिकात ते सर्वांत दाट असतं, पण पुढेही येत राहतं. दुधात टीएलआर-२चा सुटा तुकडाही असतो, तो जंतूचा अंश मधल्यामध्ये पकडतो, म्हणजे बाळाच्या नव्या अस्तरावर घंटा उगाच वाजत नाही. पाजताना मास्क लावा, आधी हात साबणाने धुवा, मोठीला बाळाच्या तोंडाचा पापा घेऊ देऊ नका, पायाचा घेऊ दे.

बाळाबाबत दोन आकडे फ्रीजवर लिहून लावा. तीन महिन्यांच्या आत १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट किंवा वर ताप आला, तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, त्याच वेळी दवाखान्यात. आणि शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे: दोन महिन्यांच्या पुढे मिनिटाला ५० किंवा जास्त, अथवा श्वासाबरोबर छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तेच. मोठीसाठी हा आकडा ४०.

राहिला पोलिओ. थेंबांमधला अशक्त केलेला जिवंत व्हायरस आतड्यात वाढतो, एम पेशी तो उचलतात आणि आतड्यात आयजीए तयार होतं. असं मूल पोलिओचा व्हायरस पुढे पसरवण्याची शक्यता फार कमी. इंजेक्शनमधला व्हायरस मेलेला असतो. तो रक्तात आयजीजी उभं करतो, म्हणजे व्हायरस मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही, पण नुसत्या इंजेक्शनवर आतड्यात तो वाढू शकतो. एक दारावर, एक घरात. ज्यांना आधी थेंब मिळाले आहेत त्यांना इंजेक्शन दिलं तर आतड्यातली प्रतिकारशक्तीही पुन्हा उजळते. मुरादाबादच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात ते दिसलं, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. आणखी एक कारण आहे: एप्रिल २०१६पासून आपल्या थेंबांमध्ये पोलिओचे १ आणि ३ हेच प्रकार असतात, प्रकार २ फक्त इंजेक्शनमध्ये आहे. भारतातला रानटी व्हायरसचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त ठरला. ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवावं लागतं.

तेव्हा १० आठवड्यांना थेंब आणि रोटाव्हायरस, १४ आठवड्यांना तेच अधिक पोलिओचं दुसरं इंजेक्शन (दंडाच्या कातडीत ०.१ मिली), आणि तिसरं ९ महिन्यांना. साधी सर्दी असेल तर तारीख पुढे ढकलू नका. थेंब दिल्यावर अर्धा तास पाजू नये असं कुणी सांगितलं तरी बाळ रडत असेल तर तिथेच बाकावर बसून पाजा, त्याने लस वाया जात नाही.